जेसीबी-पोकलेनला कोणतं डिझेल, कोणतं ऑइल? नव्या मालकासाठी पहिल्या दिवसापासून

मशीन दारात आलं की आपण बकेटला हार घालतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो. त्याच संध्याकाळी आणखी एक काम करा. सीटच्या मागे किंवा टूलबॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत मॅन्युअल असतं. ते काढा आणि त्यातलं तेलांच्या तक्त्याचं पान शोधा. कोणत्या भागात कोणतं तेल, कोणत्या दर्जाचं, किती लिटर आणि किती तासांनी बदलायचं, ते सगळं तिथे असतं. त्या पानाचा फोटो ऑपरेटरला पाठवा आणि एक प्रिंट लॅमिनेशन करून केबिनमध्ये लावा. सेकंडहँड मशीन घेतलंय आणि मॅन्युअल मिळालं नाही, तर चासिसवरचा नंबर घेऊन कंपनीच्या डीलरकडे जा. त्या नंबरावरून नेमका तक्ता मिळतो. शेजारच्या मालकाचं मशीन दिसायला तुमच्यासारखंच असलं तरी त्याचा तक्ता तुमच्या कामाचा असेलच असं नाही.

मी सोळा वर्षं या धंद्यात आहे. शेततळी, विहिरींचा गाळ, पाइपलाइनचे चर, मुरमाचे रस्ते अशी कामं करतो. बॅकहो लोडरला आपल्याकडे सरसकट जेसीबी म्हणतात आणि चेनवरच्या एक्स्कॅव्हेटरला पोकलेन. हे दुसरं नाव पोक्लेन या फ्रेंच कंपनीवरून आलं आणि इथलंच होऊन गेलं. इतक्या वर्षांत जी मशीनं मी तेलापायी बसलेली पाहिली, त्यातल्या बहुतेकांत तेल चांगलंच होतं. ते चुकीच्या टाकीत गेलं होतं, किंवा मातीने भरलेल्या नरसाळ्यातून गेलं होतं. म्हणून इथे ब्रँडची चर्चा करत नाही. सर्व्हो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, जे तुमच्या गावात खात्रीने अस्सल मिळतं ते घ्या. डब्यावरचा दर्जा तक्त्याशी जुळला पाहिजे, एवढंच.

आधी मशीनचं वय ओळखा

चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून सीईव्ही-४ आणि १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही-५ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. तुमचं मशीन यातल्या कोणत्या टप्प्याचं आहे, ते इंजिनवरच्या पट्टीवर आणि कागदपत्रांत पाहा. पुढची अर्धी निवड तिथेच ठरते. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाने बऱ्याच चुका पोटात घातल्या. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार-दीड हजार बार आणि त्याहूनही जास्त दाबाने इंजेक्टरमधून जातं आणि आतल्या भागांमधली फट एक-दोन मायक्रॉनच्या घरात असते. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून अंदाज घ्या. सायलेन्सरच्या जागी काजळी अडवणारा डीपीएफ असेल, तर इंजिन ऑइलही वेगळं लागतं. निळ्या झाकणाची दुसरी टाकी असेल तर डेफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण, लागतं.

डिझेल: कुठून घ्यायचं आणि कसं तपासायचं

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं. त्यात गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग, म्हणजे १० पीपीएम. बीएस-४ मध्ये ते ५० होतं. जुन्या मशीनलाही हे डिझेल चालतं. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणा कमी होतो, म्हणून रिफायनरीत तो परत आणणारं रसायन मिसळतात. इथेच भेसळीचा खरा धोका आहे. रॉकेल किंवा सॉल्व्हंट मिसळलं की वंगणपणा जातो, आणि डिझेलच्याच वंगणावर चालणारा हाय प्रेशर पंप आतून खरडला जातो. त्याचा धातूचा चुरा पुढे सगळ्या इंजेक्टरमध्ये जातो. लिटरमागे वाचवलेले पाच-दहा रुपये अशा वेळी लाखाच्या घरात परत द्यावे लागतात.

हायवेच्या कडेला ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या द्रवाबद्दल माझं मत कडक आहे: मशीनमध्ये घालू नका. खऱ्या बायोडिझेलला आयएस १५६०७ हे मानक आहे. कंपनीने लेखी परवानगी दिली असेल तेवढ्याच प्रमाणात ते चालतं. टँकरमधून बिलाशिवाय विकलं जाणारं बहुतेक वेळा भलतंच औद्योगिक तेल असतं.

पंपावर तुमचे दोन हक्क आहेत. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप पंपावर असतं. शंका आली तर त्यात भरून दाखवायला सांगा. फरक २५ मिलिलिटरपर्यंत चालतो, त्यापुढे नाही. दुसरी तपासणी घनतेची. हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता पंपावर असतो. मोजलेली घनता १५ अंशांवर आणायची आणि पंपाने नोंदलेल्या आकड्याशी ताडायची. घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक आला तर ते डिझेल घेऊ नका. एकदा विचारलं की पुढच्या वेळी पंपावरची पोरं स्वतःहून नीट देतात, हा माझा अनुभव आहे. शक्यतो एकाच पंपावरून घ्या आणि बिल ठेवा. टँकर नुकताच खाली होत असेल तर त्या वेळी भरू नका, कारण तळाचा गाळ आणि पाणी ढवळलेलं असतं.

थंड मुलखात काम मिळालं तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. आपल्याकडच्या डिझेलचं मानक उन्हाळ्यात १८ आणि हिवाळ्यात ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहण्याचं आहे. महाबळेश्वरला त्याने काही अडत नाही. लडाखच्या रस्त्याच्या कामावर मशीन नेलंत तर मेण धरून फिल्टर बंद होईल. तिथे इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणलेलं हिवाळी डिझेल मिळतं, तेच घ्या.

साइटवर डिझेल ठेवताना

पेट्रोलियम कायद्याप्रमाणे डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कोणतंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर साठ्याला परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. हे माहीत असलं की अधिकारी आला तरी घाबरायला होत नाही.

पाणी हा डिझेलचा मोठा शत्रू आहे. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाला बसतं. मशीनची टाकी रात्री अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर थेंब धरते. म्हणून काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरा, सकाळी नाही. बॅरलचं तर आणखी विचित्र आहे. उभ्या बॅरलच्या वरच्या कडेत पावसाचं पाणी साठतं. दुपारी बॅरल तापतं, आतली हवा बाहेर पडते. रात्री ते थंड झालं की घट्ट लावलेल्या बुचाच्या आट्यांतूनही ते पाणी आत ओढलं जातं. बॅरल फुटलेलं नसताना आत पाणी कुठून आलं, याचा शोध घेत मी एक अख्खा पावसाळा घालवला. उपाय सोपा आहे. बॅरल आडवं ठेवा आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या रेषेत राहू द्या, म्हणजे बुच आतून तेलात बुडालेलं राहतं. छप्पर असेल तर उत्तमच. ही पद्धत ऑइलच्या बॅरललाही तशीच लागू आहे.

पाणी राहिलं की पाण्याच्या आणि डिझेलच्या मधल्या थरात जंतू वाढतात, काळपट शेवाळासारखा चिकट गाळ धरतो आणि फिल्टर आठवड्यात चोंदतो. रोज सकाळी स्टार्ट मारण्याआधी वॉटर सेपरेटरच्या बाऊलखालचा नॉब सैल करून कपभर काढा. स्वच्छ येईपर्यंत काढा. साठ्याची टाकी जस्ताचा थर दिलेली नको, जस्त डिझेलमध्ये उतरतं. उपसा नळी तळापासून चार बोटं वर ठेवा.

डेफ म्हणजे शेतातला युरिया नाही

ड्रायव्हर मंडळी डेफला ‘युरिया’च म्हणतात आणि त्यातूनच घोळ होतो. डेफमध्ये ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. मानक आयएसओ २२२४१, ते डब्यावर लिहिलेलं बघा. सोसायटीतून आणलेल्या गोणीतला युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. तो पाण्यात विरघळवून टाकीत ओतला की तेल आणि क्षार मिळून पंप, नोझल आणि पुढचं महागडं कॅटॅलिस्ट बाद होतं. शिवाय अनुदानाचं खत असं वापरणं गुन्हा आहे.

डेफ उन्हात नासतं. २५ अंशांखाली ठेवलं तर ते दीड वर्ष टिकतं, ३५ अंशांपर्यंत जेमतेम सहा महिने. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल, विचार करा. महिन्याला लागेल तेवढंच घ्या आणि घरात सावलीत ठेवा. डेफची नरसाळी आणि कॅन वेगळे, प्लास्टिकचे. डिझेलचा हात लागलेलं काहीही त्यात नको. चुकून डेफ डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका. जागेवरच टाकी रिकामी करून घ्या. एकदा इंजिन चालू झालं की ते इंजेक्टरपर्यंत पोचतं.

इंजिन ऑइल

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. पहिली जाडी, उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४०. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज फिरतं ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंशांवरची जाडी. आपल्या हवेत बहुतेक मशीनना हीच जाडी दिलेली असते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती म्हणजे एपीआय या अमेरिकी संस्थेने ठरवलेला दर्जा. ‘सी’ने सुरू होणारी अक्षरं डिझेलसाठी. सीआय-४ हा २००२ चा, सीजे-४ हा २००६ चा आणि सीके-४ हा डिसेंबर २०१६ पासूनचा दर्जा.

जुन्या मशीनला सीआय-४ लिहिलं असेल आणि तुम्ही सीके-४ घातलं तर चालतं. उलट करू नका. डीपीएफ असलेल्या इंजिनात सीआय-४ घातलं तर त्या तेलातल्या धातूच्या क्षारांची राख डीपीएफमध्ये साठते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. फिल्टर उतरवून साफ करावा लागतो किंवा बदलावा लागतो. सीजे-४ आणि सीके-४ मध्ये ही राख एक टक्क्याच्या आत ठेवलेली असते. ‘जाड तेल म्हणजे ताकदवान’ म्हणून कुणी २०डब्ल्यू-५० सुचवलं तर तक्ता दाखवा आणि विषय संपवा.

तेल काळं झालं म्हणजे खराब झालं, असं डिझेल इंजिनात समजू नका. काजळी धरून ठेवणं हे त्या तेलाचं कामच आहे. बदलायचं ते तासांवर, अवरमीटर बघून. नवीन मशीनचा पहिला बदल लवकर असतो, तो चुकवू नका. ब्रेकर लावून दगड फोडता किंवा क्रशरवर धुळीत चालवता, तर कंपनीच्या तासांपेक्षा आधी बदला. डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. डिझेल किंवा पाणी आत येतंय, मशीन थांबवा.

हायड्रॉलिक ऑइल: इथे वेळ द्या

बॅकहोमध्ये शंभर लिटरच्या आसपास आणि वीस टनी पोकलेनमध्ये त्याहून बरंच जास्त हायड्रॉलिक ऑइल फिरत असतं. मशीनची सगळी ताकद त्यातूनच जाते. व्हीजी ४६ किंवा ६८ हा आकडा म्हणजे ४० अंशांवरची जाडी. कोणता घ्यायचा ते तक्त्यात तुमच्या भागातल्या तापमानाप्रमाणे दिलेलं असतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात दिवसभर चालणाऱ्या मशीनला ४६ फार पातळ पडतं आणि दुपारनंतर बूम मंद होतो, असं बऱ्याच जणांना जाणवतं. तरीही स्वतःच्या मनाने ६८ घालू नका, तक्ता काय म्हणतो ते बघा. एचएलपी म्हणजे झीजरोधक तेल, आणि एचव्हीएलपी म्हणजे थंडी-उन्हाळ्यात जाडी कमी बदलणारं. पहाटे थंडीत सुरू करून दुपारी तापलेल्या रानात चालवायचं असेल तर दुसरं बरं.

आता स्वच्छता. उघड्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनपर्यंतचा कण दिसतो. पंपाचं आणि व्हॉल्व्हचं नुकसान करणारे कण पाच-दहा मायक्रॉनचे असतात. म्हणजे हातावर घेऊन ‘तेल एकदम क्लीन आहे’ म्हणण्याला काही अर्थ नाही. नव्या बॅरलमधलं तेलसुद्धा पुरेसं स्वच्छ असतंच असं नाही. मी बॅरलला दहा मायक्रॉनच्या फिल्टरचा छोटा ट्रान्स्फर पंप लावलाय. तो नसेल तर एवढं तरी करा: सीलबंद बकेटच आणा, टाकीच्या झाकणाभोवतीची माती आधी डिझेलच्या फडक्याने पुसा, मग झाकण काढा. जाळीचा स्ट्रेनर काढून ओतायची सवय ऑपरेटरला लागू देऊ नका. सुती चिंधी आत नको, तिचे धागे सुटतात. वाऱ्यावावटळीत टाकी उघडू नका.

लेव्हल बघताना बूम आणि बकेट मॅन्युअलमधल्या चित्रात दाखवल्याप्रमाणेच ठेवा. सिलिंडर बाहेर असताना बरंच तेल त्यांच्यात असतं. तेव्हा टाकी कमी दिसते, हेल्पर भर घालतो आणि सिलिंडर आत आले की तेल ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या वाटेने, बाहेर येतं.

काचेतून तेल ताकासारखं दिसलं तर पाणी. फेस आला तर सक्शनच्या बाजूने हवा. करपट वास आणि गडद रंग असेल तर तेल तापून मेलंय. कूलरची जाळी आधी साफ करा, नाहीतर नवं तेलही तसंच जाईल. रोजचं अर्धा लिटर कमी होत असेल तर भर घालत राहण्यापेक्षा पाइप आणि सील बघा. गळती मात्र हाताने चाचपू नका. सुईएवढ्या छिद्रातली धार कातडीत शिरते आणि हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठा धरून बघा.

गिअर, एक्सल आणि ब्रेक

या तीन जागांत सर्वांत जास्त अदलाबदल होते, कारण दुकानदार ‘गिअर ऑइल ना? नव्वद नंबर घ्या’ म्हणून मोकळा होतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सला बहुतेक वेळा पातळ ट्रान्समिशन ऑइल लागतं, ‘नव्वद’ अजिबात नाही. एक्सलमध्ये ब्रेकच्या प्लेट तेलात बुडालेल्या असतील, तर घर्षण सांभाळणारं वेट ब्रेकचं तेल लागतं. साधं घातलं की ब्रेक मारताना एक्सल कण्हल्यासारखा आवाज करतो आणि प्लेट लवकर झिजतात. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे. जीएल-४ च्या जागी जीएल-५ ‘वरचा दर्जा’ म्हणून घालू नका. त्यातलं जादा रसायन पितळी सिंक्रो रिंग खाऊ शकतं.

ब्रेकच्या छोट्या टाकीबद्दल तर मी हात जोडून सांगतो. काही बॅकहोंना तिथे डॉट-३ किंवा डॉट-४ ब्रेक फ्लुइड लागतं, काहींना हलकं खनिज हायड्रॉलिक तेल. दोन्हींची रबरं वेगळी. आमच्या मशीनमध्ये एका संध्याकाळी जीपचं उरलेलं ब्रेक फ्लुइड भर म्हणून गेलं. काही दिवसांत सील फुगून मऊ झाले आणि कॅनॉलच्या उतारावर पेडल तळाला गेलं. लोडरची बकेट जमिनीत रोवून ऑपरेटरने मशीन थांबवलं, म्हणून माणूस वाचला. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक टाकीच्या झाकणाशेजारी रंगाने तेलाचं नाव लिहिलेलं असतं, मराठीत, ठसठशीत.

कूलंट

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार चहाच्या पातेल्यात जसे पांढरे धरतात, तसेच लायनरभोवती, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या नळीभोवती, धरतात आणि उष्णता अडते. दुसरं नुकसान दिसत नाही. जड इंजिनात लायनर थेट पाण्यात असतात. ते थरथरतात, पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंडाला सुईने टोचल्यासारखी भोकं पडत जातात. कूलंटमधलं रसायन त्यावर थर धरून बचाव करतं. म्हणजे बर्फ न पडणाऱ्या गावातही कूलंट लागतंच. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी घेतलं तर उकळबिंदूही सात-आठ अंशांनी वर जातो. तयार मिश्रण मिळतं तेच आणलं तर चुकायला जागा नाही. हिरवं, लाल, निळं हे रंग कंपनीचे असतात, दर्जाचे नसतात. रंग जुळला म्हणून मिसळू नका. भर घालायला त्याच कूलंटचा एक कॅन मशीनसोबत ठेवा.

ग्रीसचं थोडक्यात: लिथियम ईपी (जड दाब सोसणारं), एनएलजीआय २ नंबर (हा घट्टपणाचा आकडा). जड पिन-बुशला मॉलिब्डेनमचं, तक्त्यात असेल तर. बकेटच्या पिनांना रोज, निप्पल आधी पुसून, जुनं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत. चिखलात काम केलं असेल तर संध्याकाळीच करा, म्हणजे रात्रभर पाणी आत बसत नाही.

खरेदी, वही आणि जळकं ऑइल

बिलावर तेलाचं पूर्ण नाव आणि दर्जा लिहून घ्या. सील आणि बॅच नंबर बघा. रिकाम्या बकेटला भोक पाडूनच भंगारात द्या, नाहीतर तीच बकेट बनावट तेल भरून परत बाजारात येते. एक दोनशे पानी वही करा: तारीख, तास, कुठे काय घातलं, किती लिटर. मशीन विकताना या वहीला किंमत येते.

जळकं ऑइल ओढ्यात, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. वाळवी लागू नये म्हणून लाकडांना फासायलाही देऊ नका, त्यात जड धातू असतात आणि ते हाताला लागतात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं. झाकणाच्या वेगळ्या बॅरलमध्ये साठवा, त्यात कूलंट किंवा पाणी मिसळू देऊ नका. बॅरल भरलं की बोलवा, आणि त्याची पावतीही त्याच वहीत चिकटवा.